अंडाशयाचा कॅन्सर, रक्त आणि पोटातलं पाणी : प्रथिन मार्करबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्त आणि पोटातलं पाणी तपासणं हे माझं रोजचं काम. सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरच्या संशयात रक्तात मोजतात ते प्रथिन, त्याचा रिपोर्ट हाती आला की बाकी काही वाचायच्या आधी नजर जाते ती ठळक छापलेल्या आकड्यावर, आणि तिथून प्रश्न सुरू होतात. जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळं ओळीने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेलं आहे ते तुमच्या डॉक्टरांनी, म्हणून उपचाराचा निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्या.

१. प्रथिन मार्कर म्हणजे काय? त्यावरून रक्तात कॅन्सर सापडतो का?

कॅन्सर सापडत नाही, त्याची खूण सापडते. शरीरातल्या पेशी सतत प्रथिनं बनवत असतात आणि त्यातली काही बाहेर सोडतात. गाठीतल्या पेशी एखादं प्रथिन वाजवीपेक्षा फार जास्त बनवू लागल्या, की ते रक्तात, पोटातल्या पाण्यात, कधी लघवीतही उतरतं आणि मोजता येतं. अडचण अशी, की तेच प्रथिन निरोगी पेशीही थोडंथोडं बनवत असतात. कॅन्सरची पेशीच बनवते आणि दुसरी कुठलीच नाही, असं एकही प्रथिन अंडाशयाच्या कॅन्सरसाठी आजवर हाती लागलेलं नाही. या पानावरची निम्मी उत्तरं या एका अडचणीतून निघतात.

२. सीए-१२५ हे नाव कुठून आलं? आणि ३५ हीच मर्यादा का?

अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशींना चिकटणारी एक अँटिबॉडी (ठरावीक पदार्थालाच जाऊन चिकटणारं प्रथिन) तयार केली. कामाची वाटलेली ती १२५ वी, म्हणून तिचं नाव ओसी-१२५ आणि ती ज्याला चिकटते ते सीए-१२५. हा पदार्थ म्हणजे म्यूसिन-१६ नावाच्या एका अवाढव्य, साखरेच्या साखळ्यांनी लगडलेल्या प्रथिनाचा भाग आहे, हे २००१ मध्ये कळलं.

१९८३ मध्ये त्यांनी ८८८ निरोगी माणसांचं रक्त तपासलं. त्यात सुमारे १ टक्का लोकांचा आकडा ३५ युनिट प्रति मिलिलिटरच्या वर होता. शस्त्रक्रियेत अंडाशयाचा कॅन्सर सिद्ध झालेल्या १०१ रुग्णांपैकी मात्र ८२ टक्के जणींचा त्याहून जास्त होता. म्हणून ३५. ही रेघ माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे. ३४ वर आरोग्य आणि ३६ वर आजार, असं शरीरात काही घडत नाही. पाळी गेलेल्या बाईचा आकडा तर मुळातच बराच खाली असतो.

३. माझा सीए-१२५ ६८ आलाय. मला कॅन्सर आहे का?

नुसत्या या आकड्यावरून कुणालाही सांगता येणार नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सीए-१२५ पोटाच्या आतल्या अस्तरावर, फुफ्फुसाच्या आणि हृदयाच्या आवरणावर, गर्भाशयाच्या अस्तरात, श्वासनलिकांत, अगदी डोळ्याच्या पृष्ठभागावरही असतं. यातल्या कुठल्याही अस्तराला सूज आली, ते ताणलं गेलं किंवा चिडलं की आकडा चढतो. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं), फायब्रॉइड, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, लिव्हर सिऱ्हॉसिस, हार्ट फेल्युअर, छातीत पाणी होणं, पोटाचा टीबी ही सगळी त्याची ओळखीची कारणं. चालू पाळीतही तो वाढतो. पाळीच्या दिवसांत रक्त दिलं असेल तर पाळी संपल्यावर पुन्हा द्या, हा सल्ला मी सगळ्यात जास्त वेळा देते.

मग ६८ चा अर्थ लावायचा कसा? वय काय, पाळी चालू आहे का, सोनोग्राफीत काय दिसतंय, काही आठवडे टिकणारा त्रास आहे का, यावरून. हाच आकडा दोन बायकांमध्ये किती वेगळं बोलतो ते प्रश्न ६ मध्ये गणितासह दाखवलं आहे.

४. रिपोर्ट नॉर्मल आला. आता निश्चिंत व्हायचं ना?

त्रास चालूच असेल तर नाही. या चुकीच्या दिलाशाची मला वाढलेल्या आकड्याइतकीच धास्ती वाटते. आजार पहिल्या टप्प्यात असताना जवळजवळ निम्म्या रुग्णांचा सीए-१२५ नॉर्मल असतो. आजार पसरल्यावरही प्रत्येकीचा वाढतो असं नाही. कॅन्सर कोणत्या प्रकारचा आहे यावर बरंच ठरतं: सीरस प्रकारात हे प्रथिन भरपूर बनतं, म्यूसिनस प्रकारात कमी.

पोट सतत फुगलेलं वाटणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार किंवा घाईने जावं लागणं, यातलं काही नव्याने सुरू झालं असेल, महिन्यातल्या बऱ्याच दिवशी होत असेल आणि विशेषतः वय पन्नाशीपुढे असेल, तर नॉर्मल रिपोर्ट फाइलमध्ये लावून थांबू नका. पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा.

५. एचई-४ ही वेगळी चाचणी कशासाठी?

सीए-१२५ जिथे फसतं तिथे मदतीला. एचई-४ हे प्रथिन आधी पुरुषांच्या एपिडिडिमिसमध्ये, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या नळीत सापडलं. त्यातला 'ई' तिथला. पुढे लक्षात आलं, की अंडाशयाच्या सीरस आणि एंडोमेट्रिऑइड कॅन्सरमध्येही ते वाढतं आणि एंडोमेट्रिओसिसमध्ये मात्र सहसा वाढत नाही. पाळी चालू असलेल्या, चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) असलेल्या बाईचा सीए-१२५ १५० आणि एचई-४ नॉर्मल असेल, तर पारडं बऱ्यापैकी एंडोमेट्रिओसिसकडे झुकतं.

त्याच्याही खोड्या आहेत. किडनी नीट काम करत नसेल तर एचई-४ चांगलंच वाढतं, कारण ते किडनीतून बाहेर पडतं. वयाबरोबर वाढतं, सिगारेट ओढणाऱ्यांत वाढतं. म्हणून एचई-४ चा रिपोर्ट वाचताना किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन शेजारी हवंच.

६. रिपोर्टवर 'रोमा' आणि 'आरएमआय' असं लिहिलंय. हे आकडे कसे काढतात?

आधी दोन्ही कशासाठी ते सांगते. सोनोग्राफीत गाठ दिसलेली आहे, ऑपरेशन होणार आहे किंवा व्हायची शक्यता आहे, तेव्हा ते साध्या शस्त्रक्रियेने भागेल की कॅन्सरच्या सर्जनकडे पाठवायला हवं, हे ठरवायला हे आकडे वापरतात. गाठच नसलेल्या बाईत त्यांना अर्थ नाही.

रोमामध्ये सीए-१२५, एचई-४ आणि पाळी चालू आहे की गेली, या तिघांना एका सूत्रात घालून टक्केवारी काढतात. तिची मर्यादा कोणत्या कंपनीचं किट वापरलं त्यावर बदलते, म्हणून रिपोर्टवर छापलेलीच मर्यादा पाहायची.

आरएमआय १९९० पासून वापरात आहे आणि घरी कागदावरही मांडता येतो. तीन आकड्यांचा गुणाकार: सोनोग्राफीचे गुण × पाळीचे गुण × सीए-१२५. सोनोग्राफीत पाच गोष्टी बघतात: गाठीत अनेक कप्पे, भरीव भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याच्या खुणा. यातलं एकही नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३.

आता प्रश्न ३ मधला ६८ घ्या. ३४ वर्षांची बाई, पाळी चालू, गाठीत फक्त कप्पे आहेत: १ × १ × ६८ = ६८. आणि ६१ वर्षांची बाई, पाळी गेलेली, गाठीत भरीव भाग आणि पोटात थोडं पाणी: ३ × ३ × ६८ = ६१२. नेहमीची मर्यादा २००. सीए-१२५ दोघींचा एकच, पण पहिलीला बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफीला बोलावतील आणि दुसरीला कॅन्सरच्या सर्जनकडे पाठवतील.

या सूत्राचा कच्चा दुवाही लक्षात घ्या. सोनोग्राफीला ० गुण मिळाले की गुणाकार शून्य, मग सीए-१२५ ९०० असो. म्हणून सोनोग्राफी कोण करतं याला फार महत्त्व आहे. अनुभवी हातांनी बघून दिलेलं मत कुठल्याही सूत्राच्या तोडीचं असतं.

अमेरिकेत पाच प्रथिनं एकत्र मोजणारी ओव्हा-१ ही चाचणी २००९ पासून आहे. तिचाही उपयोग हाच: गाठ सापडल्यावर, ऑपरेशनच्या आधी.

७. मला काहीच त्रास नाही. खबरदारी म्हणून दरवर्षी सीए-१२५ केलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं, आणि म्हणूनच या उत्तराला जरा जास्त जागा देते.

पाळी गेलेल्या एक लाख बायका घ्या. त्यांच्यात या क्षणी अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या साधारण ४० धरू. चाचणी अशी मानू, की ती १०० पैकी ८० आजारी ओळखते आणि निरोगींपैकी फक्त १ टक्क्याला चुकून पकडते. ऐकायला उत्तम चाचणी. ती ४० पैकी ३२ जणींना पकडेल. पण उरलेल्या जवळजवळ एक लाखांचा एक टक्का म्हणजे हजार. म्हणजे 'वाढलेला' रिपोर्ट मिळालेल्या १,०३२ जणींपैकी १,००० जणींना आजार नाही. अंडाशय पोटात खोल असतं, स्तनासारखी वरून सुई घालून खात्री करता येत नाही. खात्री करायची तर अनेकदा ऑपरेशनच करावं लागतं.

हे कागदावरचं भय नाही. अमेरिकेत पीएलसीओ नावाच्या प्रयोगात ७८,२१६ बायकांचा अभ्यास झाला, निकाल २०११ मध्ये आले. तपासणी केलेल्या गटात ३,२८५ जणींचा सीए-१२५ किंवा सोनोग्राफीचा रिपोर्ट चुकीने संशयास्पद निघाला, त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं आणि १६३ जणींना त्यातून गंभीर गुंतागुंत झाली. कॅन्सर नसलेल्या बायका होत्या या. आणि तपासणीमुळे मृत्यू कमी झाले नाहीत.

त्याहून मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. यूकेसीटॉक्स असं त्याचं नाव. २००१ ते २००५ मध्ये ५० ते ७४ वयाच्या २,०२,६३८ बायकांना त्यात घेतलं. तिथल्या एका गटात एका आकड्यावर विसंबून न राहता प्रत्येकीचा सीए-१२५ दरवर्षी कसा बदलतो ते बघितलं, म्हणजे पद्धत जास्त शहाणी होती. तपासणी न केलेल्या गटाच्या तुलनेत त्या गटात पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडलेले कॅन्सर ३९ टक्क्यांनी जास्त होते, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले १० टक्क्यांनी कमी. तरीही २०२१ मध्ये आलेल्या अंतिम निकालात या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नव्हते. लवकर सापडलं म्हणजे वाचलंच, हे या आजारात अजून सिद्ध झालेलं नाही. घातक सीरस प्रकार बहुतेकदा बीजवाहिनीच्या टोकाला, डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिपक्यातून सुरू होतो आणि रक्तातला आकडा हलण्याआधीच पसरू लागतो, हे त्यामागचं एक कारण.

तेव्हा त्रास नसलेल्या, घरात इतिहास नसलेल्या बाईने ही चाचणी 'पॅकेजमध्ये आहे म्हणून' करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्रास असेल तर प्रश्न ४ पाहा. तिथे गणितच बदलतं.

८. आईला आणि मावशीला हा कॅन्सर झाला होता. माझ्यासाठी तरी दरवर्षी चाचणी हवी ना?

तुमच्यासाठी पहिली पायरी आहे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांची तपासणी आणि जनुकीय समुपदेशन. त्यांत धोका वाढवणारा बदल सापडला तर मृत्यू टाळणारा खात्रीचा उपाय म्हणजे मुलंबाळं झाल्यावर अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकणं: बीआरसीए-१ मध्ये साधारण ३५ ते ४० वयात, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ मध्ये. काही ठिकाणी तोपर्यंत ठरावीक काळाने सीए-१२५ आणि सोनोग्राफी करतात. ते मधल्या काळापुरतं ठीक. नॉर्मल रिपोर्टांच्या भरवशावर हा निर्णय वर्षानुवर्षं पुढे ढकलत राहिलात तर मात्र तोच रिपोर्ट घात करू शकतो.

९. आईच्या पोटात पाणी झालंय. ते काढून तपासलं की निदान होतं का?

बऱ्याचदा होतं, आणि रक्तातल्या आकड्यापेक्षा कितीतरी ठामपणे. कारण पाण्यात प्रथिनं तर असतातच, शिवाय प्रत्यक्ष पेशी तरंगत असतात.

नमुना येतो तेव्हा तो कधी गवती पिवळा असतो, कधी गढूळ, कधी रक्ताळलेला. यंत्रात गरगर फिरवला की पेशी नळीच्या तळाशी बसतात, चिमूटभर मऊ गाळासारख्या. त्यातला काही भाग काचेवर पसरून रंगवतो. उरलेल्याचा गोळा मेणात बसवतो. याला सेल ब्लॉक म्हणतात. तो बायॉप्सीच्या तुकड्यासारखा पातळ कापता येतो आणि इथे प्रथिन मार्करचं खरं काम सुरू होतं. एकेका कापावर एकेक अँटिबॉडी घालायची. ज्या पेशीत ते प्रथिन असेल ती तपकिरी होते.

पेशी अंडाशयाकडच्या सीरस कॅन्सरच्या असतील तर पॅक्स-८, डब्ल्यूटी-१ आणि सीके-७ ही प्रथिनं तपकिरी दिसतात, सीके-२० सहसा कोरं राहतं. पी-५३ एकतर जवळजवळ प्रत्येक पेशीत गडद दिसतं किंवा पूर्ण गायब असतं; दोन्ही बिघाडाच्याच खुणा. आतड्याचा कॅन्सर असेल तर सीके-२० आणि सीडीएक्स-२ उठून दिसतात, स्तनाचा असेल तर गाटा-३.

एकाच मार्करवर विसंबलं की फसायला होतं. डब्ल्यूटी-१ पोटाच्या निरोगी अस्तराच्या पेशींतही असतं आणि पाण्यात त्या पेशी ढिगाने असतात, कधीकधी कॅन्सरसारख्याच फुगलेल्या. म्हणून कॅलरेटिनिन सोबत लावतो: ते अस्तराच्या पेशींना रंगवतं, कॅन्सरच्या पेशींना सहसा नाही. पॅक्स-८ किडनी, थायरॉइड आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्येही असतं. तेव्हा चार-पाच मार्कर एकत्र वाचायचे, तेही काचेवर पेशी कशा दिसतात त्यासोबत.

नमुना देताना एकच विनंती: थोडं पाठवून बाकीचं फेकू नका. जितकं जास्त पाणी, तितका मोठा गोळा. लगेच पोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका.

१०. पाण्याच्या रिपोर्टमध्ये 'कॅन्सर पेशी आढळल्या नाहीत' असं आहे. मग नाहीच ना?

या नमुन्यात आढळल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पेशी कमी असतील, खराब झाल्या असतील किंवा गाठ पोटात असूनही पेशी पाण्यात सुटल्या नसतील. संशय कायम असेल तर पुन्हा पाणी काढतात किंवा सोनोग्राफी, सीटी स्कॅनच्या आधाराने सुईने तुकडा काढतात. केमोथेरपी सुरू करण्याआधी शक्य तिथे तुकड्यावरूनच निदान पक्कं करतात.

११. पोटातल्या पाण्यातच सीए-१२५ मोजलं तर जास्त अचूक नाही का?

ऐकायला पटतं, पण नाही. पोटाचं अस्तर स्वतःच सीए-१२५ बनवतं, त्यामुळे सिऱ्हॉसिसच्या पाण्यातही हा आकडा शेकड्यांत जातो. पाण्यातला सीए-१२५ बघून कॅन्सर ठरवू नये आणि घाबरूही नये.

पाण्यात मोजण्यासारख्या साध्या गोष्टी वेगळ्या आहेत. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या आकड्यातून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा करा. फरक १.१ ग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त असेल तर पाणी बहुधा लिव्हर किंवा हृदयामुळे झालंय. त्याहून कमी असेल तर पोटाच्या अस्तराचाच आजार: कॅन्सर, टीबी वगैरे. एका वजाबाकीत अर्धा रस्ता मोकळा होतो.

१२. मग टीबी आणि कॅन्सर यांतला फरक कसा कळतो? आम्हाला दोन डॉक्टरांनी दोन वेगळी मतं दिलीत.

मतं वेगळी पडणं स्वाभाविक आहे, कारण पोटाचा टीबी या कॅन्सरची हुबेहूब नक्कल करतो: पोटात पाणी, वजन घटणं, अस्तर जाड होणं, आणि रक्तातला सीए-१२५ कित्येक शेकड्यांत, कधी हजाराच्या पुढेही. इथे सीए-१२५ काही कामाचं नाही.

कामाचं आहे ते पाण्यातलं एडीए, म्हणजे अ‍ॅडिनोसिन डिअ‍ॅमिनेझ. साधारण ४० युनिट प्रति लिटरच्या आसपास किंवा वर असेल आणि पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा भरणा असेल, तर टीबीची शक्यता बळावते. तरी शंका उरतेच, कारण एडीए काही कॅन्सरमध्येही वाढतं. अशा वेळी दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा घेणं हाच मार्ग. त्या तुकड्याचं उत्तर येण्याआधी गर्भाशय-अंडाशय काढायचं मोठं ऑपरेशन ठरत असेल, तर 'टीबी असू शकेल का?' हे स्वतःहून विचारा. तरुण, ताप असलेल्या मुलीच्या बाबतीत तर नक्कीच.

१३. सिस्टमधलं पाणी सुईने काढून तपासलं तर ऑपरेशन टळेल का?

कॅन्सरचा संशय असलेल्या बंद सिस्टमध्ये सुई घालत नाहीत. गाठ बंद असताना आजार पहिल्या टप्प्यात असू शकतो. ती फुटून आतलं पाणी पोटात सांडलं तर टप्पा बदलतो. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१४ च्या वर्गीकरणात ऑपरेशनमध्ये सांडणं हा वेगळा उपटप्पाच आहे, १-सी-१. शिवाय सिस्टच्या पाण्यात पेशी इतक्या तुरळक असतात, की 'नॉर्मल' उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही, आणि साध्या सिस्टच्या पाण्यातही सीए-१२५ भरपूर असू शकतं. पोटात आधीच झालेलं पाणी काढणं ही वेगळी गोष्ट, त्यात हा धोका नाही.

१४. लघवीतून किंवा गर्भाशयाच्या तोंडाच्या स्रावातून निदान होतं असं वाचलं. खरं का?

संशोधनात, होय. एचई-४ लघवीत मोजता येतं. बीजवाहिनी गर्भाशयात उघडते, म्हणून गर्भाशय धुऊन घेतलेल्या पाण्यात किंवा पॅप तपासणीच्या नमुन्यात तिथली प्रथिनं आणि जनुकांचे तुकडे शोधायचे प्रयत्न चालू आहेत. कल्पना मला मनापासून आवडते, कारण त्यात नमुना रोगाच्या उगमाजवळून घेतला जातो. नेहमीच्या निदानासाठी मात्र अजून यातली एकही चाचणी वापरात नाही.

१५. माझी मुलगी १९ वर्षांची आहे, अंडाशयावर गाठ आहे. तिला सीए-१२५ सोडून बाकीच्याच चाचण्या लिहून दिल्या. चूक झाली का?

बरोबर लिहून दिल्यात. या वयात अंडाशयाचे जे कॅन्सर होतात ते वेगळ्या पेशींतून, बीजपेशींतून, येतात. त्यांचे मार्कर एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच. चाळिशीच्या आतल्या बाईत गुंतागुंतीची गाठ दिसली तर हे तिन्ही बघतात. ग्रॅन्युलोसा, म्हणजे अंडाशयातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठीत इनहिबिन-बी आणि एएमएच वाढतात. यातल्या बहुतेक गाठी उपचारांना उत्तम दाद देतात आणि अनेकदा दुसरं अंडाशय वाचवता येतं, हे मुलीलाही सांगा.

१६. गरोदर असताना सिस्ट दिसलं. मार्करवर विश्वास ठेवायचा का?

फारसा नाही. पहिल्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर लगेच सीए-१२५ आपोआप वाढतं. एएफपी आणि बीटा-एचसीजी तर गरोदरपणात एरवीही बनणारी प्रथिनं. इथे भिस्त सोनोग्राफीवर आणि गरज पडली तर एमआरआयवर.

१७. सीए-१२५ जास्त आहे, सीईए पण थोडं वाढलंय. डॉक्टर आता कोलोनोस्कोपी करा म्हणतात. अंडाशयाचा आजार असताना आतडं कशाला?

कारण आतड्याचा आणि जठराचा कॅन्सर अंडाशयावर येऊन बसतो आणि तिथलाच वाटतो. सीईए हा मुख्यतः पचनमार्गाच्या कॅन्सरमध्ये वाढणारा मार्कर. सीए-१२५ ला सीईएने भागतात. उत्तर २५ च्या वर असेल तर कल अंडाशयाकडे. उदाहरणार्थ सीए-१२५ ६००, सीईए ३: भागाकार २००. पण सीए-१२५ १८० आणि सीईए १२ असेल तर भागाकार १५, आणि मग पचनमार्ग बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन्हींचं ऑपरेशन वेगळं, औषधं वेगळी. तुमचे डॉक्टर योग्यच करताहेत.

१८. दोन लॅबमध्ये दोन आकडे आले, एकीकडे ४८ आणि दुसरीकडे ३१. कोण खोटं?

बहुधा कुणीच नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत वेगवेगळ्या अँटिबॉडी असतात, त्यामुळे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. चढउतार बघायचा असेल तर प्रत्येक वेळी तीच लॅब, तीच पद्धत.

खरंच चुकीचा आकडा यायची कारणंही आहेत. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर काही यंत्रांत आकडा खोटाच कमी येतो. लॅबला सांगा, काही दिवस गोळी थांबवून रक्त द्या. काहींच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात ज्या चाचणीच्याच अँटिबॉडींना जोडतात आणि आकडा खोटा वाढवतात. आणि प्रथिन प्रचंड प्रमाणात असेल तर काही पद्धतींत चाचणी गुदमरते आणि आकडा उलट कमी दाखवते. पोट पाण्याने भरलेलं आणि आकडा मात्र किरकोळ, असं दिसलं की नमुना पातळ करून पुन्हा लावायचा. रिपोर्ट आणि माणूस जुळत नसेल तर लॅबला फोन करा. असा फोन आला तर आम्हाला राग येत नाही.

१९. रक्ताच्या थेंबातून ९५ टक्के अचूक निदान, अशी बातमी आलीय. थांबावं का तिच्यासाठी?

२००२ मध्ये अशीच बातमी आली होती. रक्तातल्या प्रथिनांचा नमुनापट संगणकाने वाचून ५० पैकी ५० कॅन्सर ओळखले आणि कॅन्सर नसलेल्या ६६ जणींपैकी ९५ टक्के बरोबर सांगितल्या, असा शोधनिबंध नामांकित नियतकालिकात आला. पुढे इतर संख्याशास्त्रज्ञांनी आकडेवारी तपासली तेव्हा नमुने हाताळण्यातले आणि यंत्रातले फरकच संगणकाने 'कॅन्सर' म्हणून शिकले असावेत, असे गंभीर आक्षेप पुढे आले. ती चाचणी बाजारात रुजली नाही. आणि समजा ९५ टक्के खरं असतं, तरी प्रश्न ७ मधल्या एक लाखात सुमारे ५,००० निरोगी बायका अडकल्या असत्या.

आजच्या बातम्या वाचताना मी तीन गोष्टी शोधते. पहिल्या टप्प्यातल्या रुग्ण किती होत्या? तुलना ठणठणीत बायकांशी केली की साधी गाठ असलेल्यांशी? दुसऱ्या कुणी, दुसऱ्या गावच्या नमुन्यांवर तेच उत्तर मिळवलं का? त्रास असेल तर कुठल्याही नव्या चाचणीसाठी थांबू नका.

२०. उपचार संपले. दर तीन महिन्यांनी सीए-१२५ करते आणि रिपोर्ट येईपर्यंत झोप लागत नाही. करायलाच हवं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. आधी दोन सूचना. ऑपरेशननंतर पोटाचं अस्तर चिडलेलं असल्याने काही आठवडे आकडा वर राहू शकतो. त्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि आकडा २० च्या आत असतानाच्या चढउताराला, म्हणजे ९ चे १३ झाले वगैरे, सहसा अर्थ नसतो. आजार परतल्याचा संशय घ्यायला, पूर्वी आकडा नॉर्मल झालेला असेल तर, मर्यादेच्या दुप्पट आणि तेही किमान आठवड्याच्या अंतराने दोनदा, असा नेहमीचा निकष आहे.

आता मूळ मुद्दा. युरोपात यावर प्रयोग झाला, २०१० मध्ये निकाल आले. बऱ्या झालेल्या ५२९ रुग्णांचा सीए-१२५ मर्यादेच्या दुप्पट झाल्यावर चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटाला लगेच केमो दिली, दुसऱ्या गटाला आकडा न सांगता त्रास सुरू झाल्यावर दिली. पहिल्या गटाची केमो जवळजवळ पाच महिने आधी सुरू झाली. आयुष्य मात्र दोन्ही गटांत सारखंच राहिलं: मध्यक (निम्म्या जणी त्याहून जास्त जगल्या असा आकडा) २५.७ आणि २७.१ महिने. लवकर केमो घेणाऱ्यांचे बरे दिवस उलट आधी संपले.

त्यानंतर औषधं बदलली आहेत. परतलेली गाठ एकाच जागी असेल तर निवडक रुग्णांना दुसऱ्या ऑपरेशनचा फायदा होतो, म्हणून काही डॉक्टर आजही आकडा बघायला सांगतात, आणि ते चूक नाही. पण 'मला नियमित आकडा नको, त्रास झाला तर लगेच येईन' असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पुढच्या भेटीत हे त्यांच्याशी उघड बोला. चाचणी करायचं ठरलं तर रिपोर्ट फोनवर एकटीने उघडू नका. तो डॉक्टरांनी बघून तुम्हाला सांगावा, एवढी सोय आधीच मागून ठेवा.